चटणी म्हणा, तिखट म्हणा, मसाला म्हणा

माझ्या आत्याचा कोल्हापूरजवळच्या एका गावात डंक आहे. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. विजेवर लोखंडी मुसळं वर-खाली होतात आणि खालच्या उखळात घराघराची वर्षाची चटणी तयार होते. हंगाम मार्च ते मे. त्या तीन महिन्यांत बायका घरून भाजून आणलेली मिरची, धने, खोबरं, तीळ आणि तळलेला कांदा घेऊन पहाटेपासून नंबर लावतात. उरलेले नऊ महिने डंक जवळजवळ थंड.

त्या नऊ महिन्यांसाठी आत्यानं तयार चटणी कुरिअरनं पाठवायला सुरुवात केली. नव्या डंकाचं कर्ज डोक्यावर होतं, त्यामुळे ही हौस नव्हती. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. साहजिकच वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. एका रविवारी बसून केली आणि विसरून गेलो.

दोन महिन्यांनी सहज म्हणून साइटवरच्या शोधपेटीची नोंदवही उघडली. लोक येत होते, शोधत होते आणि रिकाम्या हाताने परत जात होते. 'कांदा लसूण मसाला': शून्य निकाल. 'कोल्हापुरी लाल तिखट': शून्य. 'मिसळीचा मसाला': शून्य. आमच्याकडे हे सगळं होतं. फक्त आत्यानं सगळ्या पाकिटांवर एकच शब्द लिहायला लावला होता: चटणी.

ओळखीतल्या एका जाहिरातवाल्यानं उपाय सांगितला, "सगळीकडे 'मसाला' करून टाका." मी आत्याला तसं सांगितलं. ती हातातली चाळणी न थांबवता म्हणाली, "लोकं म्हनू देत की मसाला. मसाला म्हंजी लवंग-दालचिनी. ही चटणी हाय."

मला हा हट्ट वाटला. मग हा प्रश्न नेमका किती जुना आहे ते वाचायला लागलो आणि कळलं, की 'एका वस्तूला अनेक नावं' या भांडणातूनच आजचं सिमँटिक सर्च, म्हणजे अर्थावरून शोधणं, उभं राहिलंय.

नाव कोणी ठरवायचं?

अर्थावरून शोधायची कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. संस्कृतातला अमरकोश आजच्या शब्दकोशांसारखा अकारविल्हे लावलेला नाही. त्यात अर्थाप्रमाणे वर्ग आहेत आणि एकाच वस्तूची अनेक नावं शेजारी बसवलेली आहेत. शिवकाळात रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला, तोही वर्गवार. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारे दहा वर्ग, आणि त्यातला शेवटचा पण्यवर्ग, म्हणजे बाजारातल्या मालाचा. राजदरबारातलं कामकाज आपल्या शब्दांत व्हावं ही त्यामागची इच्छा होती. तरीही 'दुकान' आणि 'बाजार' हे फारसी शब्द आज तुमच्या-माझ्या तोंडी आहेत. लोक कुठला शब्द उचलतील ते वरून ठरवता येत नाही.

व्यापारात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांत प्रत्येक धंद्याला एक सदर असायचं. तुम्ही 'गिरणी'खाली असाल आणि गिऱ्हाईक 'मसाले'खाली बघत असेल, तर तुमची गाठ पडणं कठीण. १९९६ साली मुंबईत जस्टडायल सुरू झालं तेव्हा त्याची गंमत हीच होती, की फोनच्या पलीकडे माणूस होता. तुम्ही मोडक्यातोडक्या शब्दांत गरज सांगायची आणि त्या माणसानं अर्थ लावून दुकानांचे नंबर द्यायचे. खरं तर ते सिमँटिक सर्चच होतं, फक्त यंत्राच्या जागी माणूस बसलेला होता.

मोजणारी माणसं

संगणकाला मात्र अर्थ कळत नव्हता. त्याला मोजता येत होतं. अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात 'स्मार्ट' नावाची शोधप्रणाली उभी केली. १९७५ साली त्यांच्या गटानं व्हेक्टर स्पेसची मांडणी प्रसिद्ध केली. प्रत्येक मजकूर म्हणजे आकड्यांची एक रांग, म्हणजेच अवकाशातला एक बाण. प्रश्नाचाही तसाच बाण करायचा आणि ज्या मजकुराचा बाण त्याच्या सर्वात जवळच्या दिशेनं जातो तो आधी दाखवायचा.

कुठल्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एका निबंधात सुटसुटीत करून सांगितलं. जो शब्द सगळीकडे येतो त्याचा शोधायला उपयोग कमी, जो मोजक्या ठिकाणी येतो त्याचा जास्त. आमच्या साइटवर 'कोल्हापुरी' प्रत्येक पाकिटावर आहे, त्यावरून काहीच वेगळं काढता येत नाही. 'तीळ' दोनच ठिकाणी आहे, म्हणून तो शब्द कामाचा. ही कल्पना शोधयंत्रांत आजही वापरली जाते. माझ्या साइटची शोधपेटीही याच घराण्यातली होती. पण या घराण्याला 'चटणी' आणि 'मसाला' एकच आहेत हे कळायला वाव नव्हता. अक्षरं वेगळी म्हणजे वस्तू वेगळी.

हे दुखणं किती मोठं आहे ते १९८७ साली जॉर्ज फर्नास, टॉमस लँडाउर, लुई गोमेझ आणि सुझन ड्यूमे यांनी मोजून दाखवलं. त्यांनी लोकांना निरनिराळ्या गोष्टींना नावं द्यायला लावली. त्यात पाककृती होत्या आणि जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या जाहिरातीही होत्या. निष्कर्ष असा, की एकाच गोष्टीसाठी दोन माणसांच्या मनात पहिला तोच शब्द येण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे दुकानदारानं डोकं लढवून एक 'बरोबर' शब्द निवडला तरी बहुतेक गिऱ्हाइकं त्या शब्दानं येणारच नाहीत. त्यांचा सल्ला होता, एकच नाव शोधत बसू नका, जितकी नावं मिळतील तितकी जोडा.

हे वाचून मी थबकलो. जाहिरातवाल्याचा 'मसाला' आणि आत्याची 'चटणी' या दोन्हींत कोण बरोबर हा प्रश्नच चुकीचा होता.

ढवळ्याशेजारी पवळ्या

याच मंडळींपैकी काहींनी पुढचं पाऊल टाकलं. १९९०च्या निबंधात त्यांनी लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग मांडलं. शब्द आणि मजकूर यांचा मोठा तक्ता करायचा आणि गणितानं तो दाबून शंभरेक मितींत बसवायचा. दाबताना सारख्या संदर्भांत येणारे शब्द आपोआप जवळ सरकतात. ते एकाच वाक्यात कधी आलेले नसले तरीही.

यामागचा विचार भाषाशास्त्रातला. जे. आर. फर्थ हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे १९५७ साली त्यांनी मांडलं, की शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून पटते. आपल्याकडे बैलांबद्दल तेच म्हणतात: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. 'चटणी' आणि 'तिखट' दोन्ही भाकरी, रस्सा, झणका यांच्या शेजारी बांधलेले दिसले, की त्यांचे गुण जुळणारच.

२०१३ साली गूगलमधल्या टोमास मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांच्या वर्ड-टू-व्हेकनं हीच कल्पना प्रचंड मजकुरावर झपाट्यानं चालवून दाखवली. २०१८ साली बर्ट आलं. त्यात शब्दाचा बाण वाक्यागणिक बदलतो, त्यामुळे 'कर भरला' आणि 'कर जोडले' यांतला 'कर' वेगळा कळू शकतो. २०१९पासून गूगल शोधात ते वापरलं जाऊ लागलं. मराठीपुरतं बोलायचं तर गूगलच्या भारतातल्या गटानं केलेलं मुरिल रोमन लिपीत लिहिलेली मराठीही विचारात घेऊन शिकवलेलं आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूबनं २०२२ साली खास मराठीसाठी महाबर्ट आणि वाक्यांची तुलना करणारं महाएसबर्ट मोफत खुलं केलं. हे शेवटचं माझ्या उपयोगाचं होतं.

चटणी डोशाकडे गेली

एका शनिवारी रात्री मी आमच्या प्रत्येक पाकिटाच्या वर्णनाचा बाण केला, शोधपेटीत येणाऱ्या प्रश्नाचाही केला आणि दोघांतला कोन मोजायला लावला. 'कोल्हापुरी लाल तिखट' टाकलं. आत्याची चटणी पहिली आली! मी आनंदानं ओरडलोच.

मग नुसतं 'चटणी' टाकलं. सगळ्यात वर आलं शेंगदाणा चटणीचं पाकीट, त्याखाली जवसाची चटणी, आणि आमचा मुख्य माल, कांदा-लसणाची चटणी, पार तळाला. मॉडेल जो मजकूर वाचून मोठं झालं होतं, त्यात 'चटणी' बहुधा इडली-डोशाच्या नाहीतर ताटातल्या डाव्या बाजूच्या सोबतीला बसत असावी. आमच्या डंकावरची चटणी त्या मजकुरात फारशी भेटलीच नसावी. फर्थचं म्हणणं खरंच होतं. फक्त सोबत कोणाची, हा प्रश्न राहिला होता.

उपाय आत्याच्या फोनमध्ये सापडला. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांचे शेकडो निरोप होते. 'तांबड्या रश्शाला घालायची ती पाठवा.' 'मागच्या बारीची, भाकरीबरोबर तेल घालून खातो ती.' 'मिसळीला रंग येईल अशी.' आत्याच्या परवानगीनं मी ते वाचले, नावं-नंबर काढून टाकले आणि प्रत्येक पाकिटाच्या वर्णनात त्या लोकांच्या वापराचे शब्द मिसळले. वर फर्नास मंडळींच्या सल्ल्याप्रमाणे हातानं पर्यायी नावांची यादी जोडली. चटणी तळातून वर आली.

पंधरा दिवसांनी एका बाईंचा फोन आला. आवाज चढलेला होता. त्यांनी 'लहान मुलांसाठी बिनतिखट' असं शोधलं होतं आणि साइटनं त्यांना लवंगी मिरचीची, आमची सगळ्यात जहाल चटणी दाखवली होती. मुलानं घास घेतला आणि रडून घर डोक्यावर घेतलं. आत्यानं माफी मागितली, पैसे परत केले आणि फोन ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं.

चूक माझी होती, आणि ती या पद्धतीची जुनी खोड आहे. 'तिखट' आणि 'बिनतिखट' विरुद्ध असले तरी त्यांची सोबत तीच असते. दोन्ही मिरचीशेजारी, दोन्ही भाजीशेजारी. सोबतीवरून अर्थ काढणारं यंत्र विरुद्धार्थी शब्दांनाही सख्खे भाऊ समजू शकतं. त्या रात्री मी प्रत्येक पाकिटाला तिखटपणाचा आकडा दिला, १ ते ५, आत्याच्या जिभेनं ठरवलेला. 'कमी', 'बिन', 'मुलांसाठी' असं काही आलं की ३च्या वरचं काही दाखवायचं नाही, हा साधा नियम घातला. त्यात अर्थाचं गणित काहीच नाही, पण तेव्हापासून तसा फोन आलेला नाही.

ढिगाऱ्यात काय सापडलं

खरा फायदा मात्र शोधपेटीच्या निकालांत नव्हता. चार महिन्यांच्या प्रश्नांचे बाण मी एकत्र केले आणि जवळजवळच्यांचे ढीग पाडले. एक ढीग मुलांसाठी सौम्य चटणी मागणाऱ्यांचा. एक रस्सा आणि मिसळ करणाऱ्यांचा. तिसऱ्या ढिगाला मला नावच देता येईना. 'आईच्या पद्धतीची मिळेल का', 'खोबरं न घालता करून द्याल का', 'आमचं प्रमाण वेगळं आहे', 'मिरची आम्ही देतो'. एकही शब्द समान नाही, पण सगळे एकाच ठिकाणी.

मी ते आत्याला वाचून दाखवले. ती हसली. "आरं, ह्योच तर आपला धंदा हाय. चाळीस वर्षं दुसरं काय करतोय आपन?"

तिचं बरोबर होतं. डंकावर प्रत्येक बाई आपलं प्रमाण घेऊन येते. डंक फक्त कुटतो. आम्ही ऑनलाइन गेलो तेव्हा तयार पाकिटं विकायला लागलो आणि मूळ काम साइटवर लिहायचंच विसरलो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, आईच्या हातची चटणी संपलेल्या लोकांना नेमकं तेच हवं होतं आणि ते मागायला एक ठरलेला शब्द नव्हता.

आता साइटवर सगळ्यात वर एकच ओळ आहे: 'तुमचं प्रमाण सांगा, आम्ही कुटून पाठवतो.' जाहिरातीतही तीच. कर्ज फिटलेलं नाही, पण डंक पावसाळ्यातही आठवड्यातून दोन दिवस चालतो.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'चटणी' तसंच आहे. खाली बारीक अक्षरांत आत्यानं 'कांदा-लसूण मसाला, लाल तिखट' लिहू दिलं. छपाईला देण्याआधी तिनं मला एवढंच विचारलं, "त्या बारक्या पोराच्या आईला बिनतिखटाचं पाकीट धाडलंस का न्हाई?"

धाडलं होतं. आकडा १ चं.