नागार्जुनकोंडा : धम्म उभा केला तो स्त्रियांनी

नागार्जुनसागर धरणाजवळून लाँचने निघालो की साधारण तासाभरात आपण नागार्जुनकोंड्याला उतरतो. दिसायला ते बेट. खरे तर तो डोंगरमाथा आहे. १९५५ साली धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे सारे खोरे कृष्णेच्या पाण्याखाली गेले. १९५४ ते १९६० या काळात उत्खनन करून निवडक वास्तू माथ्यावर पुन्हा उभारल्या गेल्या.

'धम्म राजाश्रयावर जगला, राजे गेले आणि तो संपला', असे आम्हाला शिकवले जाते. इथले शिलालेख वेगळेच सांगतात. इक्ष्वाकू राजा चांतमूल अश्वमेध करणारा. पण त्याचीच बहीण चांतिसिरी हिने पुढे भाच्याच्या राजवटीत महाचैत्य उभारले. बोधिसिरी तर राणीही नव्हती, साधी उपासिका. तिने सिंहलच्या भिक्खूंसाठी चैत्यगृह बांधले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही गौतमी बलश्रीचे दान कोरलेले आहेच.

मग पाठ्यपुस्तकात यज्ञ करणारा राजा येतो आणि चैत्य बांधणारी बाई गळते, ती का? मित्रांनो, तिथे जा, पण सेल्फी काढून परतू नका. आपल्या लेकीबाळींना ही नावे वाचून दाखवा. पुसलेला इतिहास वाचल्यानेच परत मिळतो.

जयभीम!