तिकिटावरील आकडा

टपालाचें तिकीट ही वस्तु इतकी लहान आहे कीं, तिच्यावर छापलेल्या आकड्याकडे एरवीं कोणाचें लक्ष जात नाहीं. तो आकडा वाढला म्हणजे मात्र घरोघरीं कुरकूर होते; मग पत्र पोंचविण्याचा खर्च वाढला असेल, असें समजून लोक ते पैसे मुकाट्यानें देऊं लागतात. परंतु टपालाचा इतिहास चाळून पाहिला असतां, हा आकडा केवळ वाटखर्चाच्या हिशेबानें ठरलेला क्वचितच आढळतो. टपाल ही प्रजेची सोय मानावयाची कीं खजिन्याची मिळकत, ह्या प्रश्नाचें जें उत्तर राज्यकर्त्यांनीं वेळोवेळीं दिलें, तेंच तिकिटावर उमटत आलें आहे.

आरंभीं दर अंतरावर अवलंबून असे. १८३७ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें टपाल वाहण्याचा मक्ता आपल्याकडे घेतला, तेव्हां कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर वजनाचें पत्र धाडण्यास एक रुपया आणि आग्र्यास धाडण्यास बारा आणे पडत. पेढीवाले आणि अंमलदार ह्यांच्याखेरीज इतका पैसा कोणास परवडणार?

ह्याच १८३७ सालीं विलायतेंत रोलंड हिल ह्या गृहस्थानें टपालसुधारणेविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. लंडनहून एडिंबरोस जाणाऱ्या पत्रास त्या काळीं शिलिंगाहून अधिक दाम पडत असे. हिलनें हिशेब करून दाखविलें कीं, तें पत्र तेवढें अंतर वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च अवघा पेनीचा छत्तिसावा हिस्सा होता! खरा खर्च वाटेचा नव्हता. अंतर पाहून प्रत्येक पत्राची आकारणी करणें, त्याची नोंद ठेवणें आणि पत्र घेणाराच्या दारीं उभें राहून पैसे वसूल करणें, ह्यांतच तो होत असे. तेव्हां अंतर कांहींहि असो, दर एकच असावा व तो आगाऊ घ्यावा, असें त्यानें सुचविलें. १८४० सालीं एका पेनीचा सरसकट दर आणि चिकटवावयाचें तिकीट हीं दोन्ही अमलांत आलीं. पहिल्याच वर्षीं पत्रांची संख्या दुपटीहून अधिक झाली. खजिन्याची मिळकत मात्र एकदम खालीं आली, व ती पूर्ववत् होण्यास बराच काळ लागला. दर उतरविणें म्हणजे कांहीं काळ तूट सोसण्याची तयारी ठेवणें, हें तेव्हांच स्पष्ट झालें.

हिंदुस्थानांत ही सुधारणा येण्यास आणखी चौदा वर्षें लागलीं. मुंबई इलाख्यांतील सिंध प्रांतांत बार्टल फ्रियर ह्यांनीं १८५२ सालीं अर्ध्या आण्याचें तिकीट काढून पहिला प्रयोग केला. त्यापूर्वींच, १८५० मध्यें, तीन सभासदांचें एक मंडळ टपालाच्या चौकशीसाठीं नेमलें गेलें होतें. त्याच्या शिफारशींस अनुसरून १८५४ चा कायदा झाला, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून पावतोळा वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत देशाच्या कोणत्याहि टोंकास जाऊं लागलें. तोळाभर पत्रास दोन आणे पडूं लागले. म्हणजे मुंबई-कलकत्ता दर एकदम आठव्या हिश्शावर आला. ज्या पत्रावर तिकीट नसेल त्यास दुप्पट आकार, असा नियम करून लोकांस आगाऊ पैसे भरण्याची संवयहि लावण्यांत आली.

ह्यापुढील अर्धें शतक दर उतरण्याचें होतें. आणि ते उतरले ते आकडा न बदलतां. अर्धा आणा तोच राहिला, वजन मात्र वाढत गेलें. १८६९ मध्यें त्याच अर्ध्या आण्यांत अर्धा तोळा आणि १९०७ मध्यें पुरा तोळा जाऊं लागला. १ जुलै १८७९ रोजीं एका पैशाचें पोस्टकार्ड निघालें. हमाल, गिरणीकामगार व शिपाई ह्यांस गांवीं खुशाली कळविण्याचें साधन मिळालें तें ह्या कार्डामुळें. तो एक पैसा जवळजवळ त्रेचाळीस वर्षें टिकला.

दर कोणीं ठरवावा, ह्याचें उत्तर १८९८ च्या टपाल कायद्यांत आहे. त्या कायद्यास दरांचें एक परिशिष्ट जोडलेलें होतें. परिशिष्टांतील दरापेक्षां कमी दर ठेवण्याची सरकारास मोकळीक होती. परंतु त्याहून अधिक घ्यावयाचें झाल्यास कायदाच बदलावा लागे. ह्यामुळें दरवाढीचा प्रस्ताव अंदाजपत्रकाबरोबर कायदेमंडळापुढें येऊं लागला, आणि मिठावरील कराप्रमाणेंच पोस्टकार्डाचा पैसाहि वादाचा विषय झाला.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारच्या तिजोरींत खडखडाट झाला. १९२१ सालीं पत्राच्या दरांत नऊ पैंचा नवा टप्पा आला व एक आण्याच्या तिकिटांवर तो आकडा घाईनें छापावा लागला. त्या वर्षीं पोस्टकार्ड वांचलें; १९२२ मध्यें मात्र तें अर्ध्या आण्याचें झालें आणि पत्रहि एका आण्यावर गेलें. दोन्ही दर एका झटक्यांत दुप्पट! १९३१ च्या अखेरीस पुन्हां वाढ झाली : पत्र सवा आणा, कार्ड पाऊण आणा. तें वाढीचें बिल मध्यवर्ती कायदेमंडळानें फेटाळलें होतें. तरी व्हाईसरॉय लॉर्ड विलिंग्डन ह्यांनीं आपल्या विशेषाधिकारानें तें कायम केलें. लोकप्रतिनिधींचें मत विरुद्ध असतांहि वाढलेला तो दर प्रत्येकास मोजावा लागला.

स्वातंत्र्यानंतर हा अधिकार संसदेकडे आला, तरी प्रश्न मिटला नाहीं. १९५७ सालीं दशमान नाणीं सुरू झालीं, तेव्हां दोन आण्यांचे साडेबारा नये पैसे होत. अर्धा पैसा मोडतां येत नसल्यानें पत्राचा दर तेरा नये पैसे ठरला. पुढें महागाईबरोबर दर चढत गेले, आणि २००१ सालीं साधें पत्र पांच रुपयांवर पोंचलें. तेथें मात्र तो आकडा वीस वर्षांहून अधिक काळ स्थिर राहिला. पोस्टकार्डहि पन्नास पैशांवर थांबलें, आणि त्यावरील तूट खात्यानें सोसली. खर्च वाढूनहि दर न वाढविणें हाहि एक निर्णयच होता.

२०२३ च्या नव्या टपाल कायद्यानें १८९८ चा कायदा रद्द झाला. १८ जून २०२४ पासून तो अमलांत आला आहे. त्यांत दरांचें परिशिष्ट नाहीं. नियम करून आकार ठरविण्याचा अधिकार टपालखात्याच्या महासंचालकांस दिलेला आहे. ह्यामुळें दर खर्चाप्रमाणें लौकर बदलतां येतील, ही सोय खरी. पण पैशाच्या कार्डाचे दोन पैसे करावयासहि पूर्वीं सभागृहांत उभें राहून कारण सांगावें लागत असे. दूरच्या खेड्यांतील पत्राचा भार शहरांतील पत्रानें किती उचलावा, आणि दोहोंचा मिळून खजिन्यानें किती उचलावा, हें ठरवितांना तें कारण मागण्याचें काम आतां पत्र लिहिणारांस स्वतः जागरूक राहूनच करावें लागेल.