नभोवाणीने जागविलेले सूर

इटलीतील मान्तुआ येथील राजवाड्यात १६०७ साली क्लाउदिओ मोन्तेव्हेर्दी याचे ‘ऑर्फेओ’ हे संगीतनाटक प्रथम झाले. दोन वर्षांनी त्याची स्वरलिपी छापण्यात आली व कोणकोणती वाद्ये लागतील याची यादीही आरंभी देण्यात आली. पुढे १६१३ पासून १६४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो व्हेनिसच्या सेंट मार्क या चर्चचा संगीतप्रमुख होता. परंतु एवढ्या थोर संगीतकाराच्या रचनाही काही पिढ्यांतच प्रचारातून गेल्या आणि दोन शतकांहून अधिक काळ ग्रंथालयांत मूकपणे पडून राहिल्या.

मूकपणे म्हणण्याचे कारण असे की, त्या कागदावर गाणाऱ्याचे सूर व खालचा खर्ज तेवढा लिहिलेला असे. मधली स्वरसंगती वादकाने आयत्या वेळी भरावयाची. कंप कोठे द्यावा, लय किती ठेवावी, हे त्या काळचे गवई गुरुमुखातून शिकत. ती परंपरा तुटली. ल्यूट, व्हायोल यांसारखी वाद्येही प्रचारातून गेली. अक्षर राहिले, उच्चार गेला!

या मौनाचा भंग करण्याचा ध्यास ज्यांनी घेतला, त्यांत आर्नोल्ड डोल्मेच हा अग्रणी होय. जन्माने फ्रेंच असलेल्या या कारागिराने इंग्लंडमध्ये १८९३ साली स्वहस्ते ल्यूट घडविले आणि १९२५ पासून हेझलमियर या गावी जुन्या संगीताचा वार्षिक उत्सव सुरू केला. तथापि, हे सारे मूठभर रसिकांपुरतेच राहिले. तिकिटांवर चालणाऱ्या सभागृहाला असले कार्यक्रम परवडण्याजोगे नव्हते. शिवाय ल्यूटचा नाजूक नाद मोठ्या दिवाणखान्यातही विरून जातो, मग सभागृहाची गोष्ट ती काय!

या दोन्ही अडचणी नभोवाणीने दूर केल्या. बी.बी.सी.ने २९ सप्टेंबर १९४६ रोजी ‘थर्ड प्रोग्रॅम’ ही सायंकाळची वाहिनी सुरू केली. तिचा खर्च श्रोत्यांच्या परवानाशुल्कातून होत असल्यामुळे तिला तिकिटांची फिकीर नव्हती, आणि ध्वनिक्षेपकामुळे मंद वाद्याचा झंकारही श्रोत्याच्या कानापाशी येऊन पोहोचला. उद्घाटनाच्या त्याच रात्री आल्फ्रेड डेलर याने पर्सेलची १६९४ सालची रचना गायिली. प्रौढ पुरुषाने उंच पट्टीत गाण्याची ती जुनी रीत घरोघरी ऐकू आली. जर्मनीत कोलोन येथील नभोवाणीने १९५४ मध्ये जुन्या पद्धतीच्या वाद्यांचा स्वतःचा वाद्यवृंदच उभारला. पुढे डेव्हिड मन्रो या तरुण वादकाने १९७१ ते १९७६ या काळात बालश्रोत्यांसाठी बी.बी.सी.वर ६५५ कार्यक्रम सादर केले. ते मोठ्यांनीही आवडीने ऐकले. १९७६ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, तो निवर्तला.

या लाभात एक हानीही आहे, आणि ती देवळाच्या आवारात वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. मोन्तेव्हेर्दीने १६१० साली प्रसिद्ध केलेली सांध्यप्रार्थना ही उपासनेसाठी रचलेली. ती चहाचा पेला हाती घेऊन ऐकणे म्हणजे काकडआरती अंथरुणातून ऐकण्यासारखेच. सूर येतो, पण स्थळ, समय आणि भाव यांना तो अंतरतो. तरीही, सूरच नाहीसा होण्यापेक्षा हे बरे, असेच कोणीही सुज्ञ म्हणेल.

१९७७ साली अमेरिकेने अवकाशात ‘व्हॉयेजर’ ही दोन याने सोडली. पृथ्वीवरील नाद साठविलेली एकेक सोनेरी तबकडी त्या दोहोंवर आहे. तीत १५९९ साली छापलेली अँथनी होलबोर्न याची एक लहानशी रचना मन्रोच्या वृंदाने वाजविलेली आहे; आणि तिच्याच सोबतीला फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. याने सुटली आणि काही दिवसांतच, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाई निवर्तल्या.

त्या तबकडीवर दोन परंपरा शेजारी बसल्या आहेत. एकीचे कागद टिकले आणि कंठ हरपला. म्हणून वाद्ये नव्याने घडवून, अनुमानाने तो पुन्हा शोधावा लागला. दुसरी केवळ कंठातून कंठात आली. केसरबाईंची विद्या अल्लादियाखाँसाहेबांकडून आली ती समोर बसून, कागदावरून नव्हे. अशी विद्या जिवंत असते तोवर पूर्ण असते. पण दुवा निखळला, तर शोधण्यासाठी कागदही मागे उरत नाही.

म्हणून आपल्या देवस्थानांच्या उत्सवांत, पालखीपुढे आणि चौघड्यावर जे आजही गायिले-वाजविले जाते, ते जाणत्यांच्या हयातीतच ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हे महाजनांनी देवकार्यच मानावे. युरोपला आपले मौन मोडावयास कागद तरी होता. आपल्यापाशी तोही नाही.