हवेतून आलेला प्राणवायू : एव्हरेस्ट, १९५३

१/ २९ मे १९५३. एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ही तारीख सर्वांना पाठ असते. त्यांच्या मोहिमेच्या सामानाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या सामानाचा एक महत्त्वाचा भाग विमानाने आला होता.

२/ त्या काळी नेपाळ सरकार वर्षाला एकाच देशाला एव्हरेस्टची परवानगी देत असे. १९५२ स्विस गिर्यारोहकांचे होते, १९५४ फ्रेंचांसाठी राखलेले होते. ब्रिटिशांना १९५३ साल दवडणे परवडणारे नव्हते.

३/ नेते जॉन हंट यांच्या हाती तयारीसाठी जेमतेम काही महिने होते. मुख्य तुकडी १२ फेब्रुवारीला 'स्ट्रॅथेडन' जहाजाने इंग्लंडहून निघाली आणि महिनाअखेरीस मुंबई बंदरात उतरली. सोबत ४७३ नग होते, वजन सुमारे साडेसात टन.

४/ मुंबईहून हे सामान रेल्वेने नेपाळच्या सीमेकडे गेले. पुढे डोंगर ओलांडून काठमांडूच्या खोऱ्यात उतरण्यासाठी मालवाहू रोपवेचा आधार होता. त्यानंतर मार्ग एकच : हमालांची पाठ.

५/ परंतु चढाईसाठी लागणारा सगळा प्राणवायू या जहाजावर नव्हता. उपकरणे घाईने सिद्ध होत होती. जहाज सुटेपर्यंत सर्व नळकांडी तयार होणे अशक्य होते. म्हणून माल दोन भागांत विभागला गेला. दुसरा भाग ब्रिटिश हवाई दलाच्या विमानाने भारतात आणायचे ठरले. समुद्रप्रवासाचे वाचलेले दिवस कारखान्याला मिळाले.

६/ हा माल ताब्यात घेऊन डोंगरापर्यंत नेण्याची जबाबदारी गुरखा पलटणीतील अधिकारी जिमी रॉबर्ट्स यांच्यावर होती. मुख्य तुकडी मार्चमध्येच पुढे गेली होती. रॉबर्ट्स हमालांचा स्वतंत्र तांडा घेऊन मागाहून निघाले. हा तांडा वेळेवर पोहोचला नसता, तर वरच्या छावण्यांचे सारे गणितच कोलमडले असते.

७/ ते गणित किती काटेकोर होते? दक्षिण शिखरावर हिलरी व तेनझिंग यांच्याजवळ प्रत्येकी एकच भरलेले नळकांडे उरले होते : ८०० लिटर. मिनिटाला तीन लिटर या हिशेबाने साधारण साडेचार तास. माथा गाठून परतण्यासाठी तेवढेच. उतरताना बूर्डिलाँ व इव्हान्स यांनी २६ मे रोजी वाटेत ठेवलेली अर्धवट नळकांडीही उपयोगी पडली.

८/ आज दाबाखाली भरलेले नळकांडे विमान वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल ठरते. पाणबुड्याही आपली टाकी रिकामी करूनच विमानतळावर नेतो. १९५३ साली मात्र विमानाने वाचवलेले ते थोडे आठवडेच निर्णायक होते.

९/ शिखरावरचे छायाचित्र एकट्या तेनझिंगचे आहे. त्याच्या चेहऱ्यावरील मुखवट्यामागे कारखान्यातील कामगार, वैमानिक, रॉबर्ट्स आणि ज्यांची नावे फारशी कोणी नोंदवली नाहीत असे शेकडो हमाल उभे आहेत. इतिहास वाचताना माथ्याइतकेच लक्ष पायवाटेकडेही द्यावे.