उरलेल्या दृष्टीची गोष्ट

१/९
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य अंधशाळांमध्ये एक विलक्षण प्रथा होती. थोडेफार दिसणारी मुले ब्रेलचे ठिपके बोटांऐवजी डोळ्यांनीच वाचू लागत. अशा मुलांचे डोळे झाकले जात. दिसणाऱ्याला न पाहण्याची ही सक्ती का होती?

२/९
आरंभ मोजमापापासून करावा लागतो. १८६२ साली नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हर्मन स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. सामान्य डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला ६ मीटरवरूनच वाचता येते, त्याची दृष्टी ६/६०. नजरेला प्रथमच सर्वमान्य आकडा मिळाला.

३/९
परंतु तक्त्याच्या माथ्यावर एकच मोठे अक्षर असे. तेही न वाचणाऱ्याची नोंद ‘बोटे मोजतो’, ‘हात हललेला कळतो’ एवढ्यावरच थांबे. ज्यांची दृष्टी सर्वांत क्षीण, त्यांच्याच बाबतीत हे माप सर्वांत ढोबळ होते.

४/९
त्यात एका समजुतीची भर पडली: दृष्टी ही समईतील तेलासारखी आहे, वापरली की सरते. १९०८ साली लंडनमध्ये तीव्र लघुदृष्टीच्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग निघाला. तेथे पुस्तके वर्ज्य होती. मुले फळ्यावर मोठी अक्षरे काढत. १९१३ साली बॉस्टन व क्लीव्हलँड येथे ‘दृष्टिरक्षण’ वर्ग सुरू झाले. हेतू निर्मळ होता. गृहीतक मात्र चुकीचे होते.

५/९
१९३४ साली अमेरिकी वैद्यक संघटनेने अंधत्वाची व्याख्या केली: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० किंवा त्याहून कमी. मदत कोणाला द्यावी, हे त्यामुळे ठरले. मात्र रेषेखाली गेलेला प्रत्येक जण ‘अंध’ ठरला, मग त्याला काही दिसत असो वा नसो.

६/९
१९५३ साली न्यूयॉर्कमध्ये अल्पदृष्टी रुग्णांसाठी खास चिकित्सालये सुरू झाली. रोग बरा होणार नसला तरी भिंग, दुर्बिणीचा चष्मा आणि योग्य प्रकाश यांच्या आधारे काय साधेल, हे तेथे पाहिले जाऊ लागले. ‘किती गेले?’ याच्या जोडीला ‘किती उरले?’ हा प्रश्न आला.

७/९
जुन्या समजुतीला जबर धक्का दिला नॅटली बॅरागा या शिक्षिकेने. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी अंधशाळेतील अल्पदृष्टी मुलांना पाहण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले. तक्त्यावरील आकडा फारसा बदलला नाही. पण त्याच डोळ्यांनी मुले अधिक ओळखू लागली. दृष्टी वापराने झिजत नव्हती. तिचा उपयोग शिकता येत होता.

८/९
१९७६ साली ऑस्ट्रेलियात इयन बेली व जॅन लव्ही यांनी तक्ताच नव्याने रचला. प्रत्येक ओळीत पाच अक्षरे, प्रत्येक ओळ ठरावीक प्रमाणात लहान. तक्ता रुग्णाच्या जवळ आणला, तरी हिशेब चुकत नाही. क्षीण नजरेलाही आता नेमके माप मिळाले.

९/९
भारताच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अंधत्वाखेरीज ‘अल्पदृष्टी’ हा वेगळा वर्ग आला. उपचार वा चष्म्यानंतरही दृष्टी अधू राहिलेली, तरीही योग्य साधनाच्या साहाय्याने ती कामासाठी वापरणारी किंवा वापरू शकणारी व्यक्ती, असा त्याचा आशय. ज्या डोळ्यांना एके काळी झाकले गेले, त्यांची उरलेली नजर कायद्याच्या व्याख्येत आली.