मराठीतील संपर्कविषयक इंग्रजी शब्द

मराठीतील संपर्कविषयक इंग्रजी शब्द म्हणजे टपाल, तार, दूरध्वनी, नभोवाणी, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी आणि आंतरजाल या साधनांबरोबर मराठी भाषेत रूढ झालेले इंग्रजी मूळाचे शब्द होत. पोस्ट, कार्ड, पार्सल, मनिऑर्डर, फोन, रेडिओ, टीव्ही, मोबाइल, मेसेज, कॉल, रेंज, ईमेल, लिंक, व्हिडिओ हे त्यांपैकी नित्य वापरातले शब्द आहेत. यांतील अनेकांना शासकीय किंवा वाङ्मयीन मराठी प्रतिशब्द आहेत. त्यामुळे एकाच वस्तूसाठी बोलण्यात एक आणि लिखाणात दुसरा शब्द, अशी दुहेरी स्थिती या शब्दक्षेत्रात आढळते.

मूळ संकल्पनेचे प्रतिशब्द

'कम्युनिकेशन' या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. संदर्भानुसार पुढील शब्द योजले जातात.

* दळणवळण – रस्ते, रेल्वे आदी वाहतुकीसह सर्व प्रकारची ये-जा.
* संदेशवहन – संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची तांत्रिक क्रिया.
* संपर्क – दोन व्यक्ती किंवा संस्था यांचा संबंध. 'जनसंपर्क अधिकारी' या पदनामात हाच शब्द आहे.
* संवाद – परस्परांशी बोलणे, विचारांची देवाणघेवाण.
* संज्ञापन – अभ्यासविषय म्हणून वापरली जाणारी पारिभाषिक संज्ञा.
* संचार – हिंदीच्या प्रभावाने रूढ झालेला शब्द. मराठीत त्याचा मूळ अर्थ फिरणे, वावरणे असा आहे. 'संचारबंदी' या शब्दात तो अर्थ टिकून आहे.

विद्यापीठांतील विभागांच्या नावांतही हा भेद दिसतो. पुणे विद्यापीठात 'संज्ञापन' हा शब्द आहे, नागपूर विद्यापीठात 'जनसंवाद' आहे, तर वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात 'जनसंचार' आहे. तिन्ही ठिकाणी अभ्यासाचा विषय सारखाच आहे.

इतिहास

टपाल आणि तार

ब्रिटिशपूर्व काळात पत्रे जासूद आणि हरकारे यांच्यामार्फत जात. 'टपाल' हा शब्द इंग्रजी नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात तो नोंदलेला असून त्याचा संबंध 'टप्पा' या शब्दाशी जोडला जातो. हा शब्द उलट दिशेने इंग्रजीतही गेला. भारतातील इंग्रजांच्या बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तो आढळतो.

१८५४ च्या कायद्यानंतर देशभर एकसूत्री टपालव्यवस्था आली. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आणि १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू झाली. या सेवांबरोबर पोस्टमन, पोस्टमास्तर, कार्ड, पार्सल, रजिस्टर हे शब्द खेड्यापाड्यांत पोचले. काही शब्दांचे अर्थ मराठीत येताना बदलले. 'टिकट'पासून आलेले 'तिकीट' प्रवासाच्या परवान्याबरोबरच पत्रावर चिकटवायच्या मुद्रांकासाठीही वापरले जाऊ लागले. 'पॅकेट'पासून झालेले 'पाकीट' हे पत्राचे आवरण आणि पैसे ठेवण्याची घडी अशा दोन्ही अर्थांनी रुळले.

तारसेवा १८५५ मध्ये सर्वसामान्य जनतेसाठी खुली झाली. या वेळी मात्र 'टेलिग्राम' हा शब्द बोलीत फारसा शिरला नाही. धातूच्या धाग्याचा वाचक असलेला 'तार' हा प्रचलित शब्दच संदेशासाठी वापरला गेला. तातडीची आणि पुष्कळदा दुःखाची बातमी तारेनेच येत असल्याने 'तार आली' या शब्दांना धास्तीची छटा प्राप्त झाली. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली.

दूरध्वनी, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी

१८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. 'टेलिफोन' आणि पुढे त्याचे संक्षिप्त रूप 'फोन' हे शब्द प्रथम शहरांत रूढ झाले. परगावी बोलण्यासाठी केंद्रावर नोंदणी करावी लागे. त्यातून आलेला 'ट्रंक कॉल' आणि नंतरच्या काळातील 'एसटीडी' हे शब्द आता जवळजवळ वापराबाहेर गेले आहेत.

मुंबईचे नभोवाणी केंद्र जुलै १९२७ मध्ये, तर नागपूरचे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. दूरचित्रवाणीचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'आकाशवाणी' आणि 'दूरदर्शन' ही संस्थांची नावे झाल्यामुळे सामान्यनाम म्हणून त्यांचा वापर मागे पडला. म्हणून माध्यमाचा निर्देश करताना लिखित मराठीत 'नभोवाणी' आणि 'दूरचित्रवाणी' असे शब्द वापरतात. बोलण्यात 'रेडिओ' आणि 'टीव्ही' हेच शब्द आहेत.

भ्रमणध्वनी आणि आंतरजाल

१९९५ मध्ये भारतात भ्रमणध्वनी सेवा आणि सार्वजनिक आंतरजाल सेवा सुरू झाल्या. त्यानंतर मोबाइल, सिम, रिचार्ज, मिस्ड कॉल, नेटवर्क, ईमेल, ॲप आदी शब्द अल्पकाळात सर्वत्र पसरले. 'मिस्ड कॉल देणे' या प्रयोगात मूळ इंग्रजी अर्थ पालटला आहे. न घेतला गेलेला कॉल हा अपघात न राहता, पैसे खर्च न करता ठरलेली खूण पोचवण्याचा तो एक मार्ग बनला.

प्रतिशब्दांची निर्मिती

राज्यव्यवहारातील परकीय शब्दांना पर्याय देण्याची परंपरा महाराष्ट्रात छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील 'राज्यव्यवहारकोशा'पर्यंत मागे जाते. त्या कोशाचा रोख फार्सी-अरबी शब्दांवर होता. विसाव्या शतकात वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवून इंग्रजी शब्दांनाही पर्याय सुचवले. दूरध्वनी, नभोवाणी, ध्वनिक्षेपक या शब्दांचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. माधव त्रिंबक पटवर्धन यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. बडोदा संस्थानात १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा बहुभाषी प्रशासकीय कोश तयार झाला होता.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. 'महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४' अन्वये मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. संचालनालयाने विविध विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारातही मराठीचा वापर बंधनकारक करण्यात आला.

काही प्रमुख शब्दांची सद्यस्थिती

* पोस्ट ऑफिस – लिखाणात 'टपाल कार्यालय', शासकीय फलकावर 'डाकघर', बोलण्यात 'पोस्ट'.
* मोबाइल – अर्ज, निमंत्रणपत्रिका आणि पत्रव्यवहारात 'भ्रमणध्वनी', बोलण्यात 'मोबाइल'.
* वेबसाइट – 'संकेतस्थळ' हा प्रतिशब्द वृत्तपत्रांत चांगलाच रुजला आहे.
* ईमेल – 'ई-पत्र', 'विरोप' हे शब्द सुचवले गेले. सार्वत्रिक वापरात 'ईमेल'च टिकला.
* सोशल मीडिया – 'समाजमाध्यमे' हा शब्द वृत्तपत्रीय मराठीत स्थिरावला आहे.
* व्हिडिओ – 'ध्वनिचित्रफीत' हा प्रतिशब्द औपचारिक लिखाणापुरता आढळतो.

व्याकरणिक रूपांतर

मराठीत आलेल्या प्रत्येक इंग्रजी नामाला लिंग प्राप्त होते. फोन, मोबाइल, मेसेज, कॉल, रेडिओ हे शब्द पुल्लिंगी, रेंज, लिंक, वेबसाइट हे स्त्रीलिंगी, तर कार्ड, तिकीट, नेटवर्क, ॲप हे नपुंसकलिंगी वापरले जातात. 'पोस्ट' या शब्दाचे लिंग अर्थानुसार बदलते: टपाल कार्यालय या अर्थी 'ते पोस्ट', समाजमाध्यमावरील मजकूर या अर्थी 'ती पोस्ट'. 'ईमेल'च्या लिंगाबाबत वापरात एकवाक्यता नाही.

जुने आगत शब्द मराठीच्या सामान्यरूपाचे नियम पाळतात. 'गरीब'चे 'गरिबाला' होते, तसेच 'तिकीट'चे 'तिकिटाला' होते. 'कार्ड'चे अनेकवचन 'कार्डे' होते, परंतु अलीकडच्या 'ॲप'चे अनेकवचन बहुधा 'ॲप्स' असे इंग्रजी पद्धतीनेच केले जाते. शब्द किती मुरला आहे याचे हे एक गमक मानता येते.

क्रियापदे मात्र मराठीच राहतात. फोन करणे, लावणे, उचलणे, ठेवणे, मेसेज टाकणे, रेंज जाणे असे प्रयोग होतात. 'फोन ठेवणे' हा प्रयोग श्रवणयंत्र खाली ठेवण्याच्या कृतीतून आला आणि तशी कृती उरली नसतानाही मोबाइलसाठी कायम राहिला. बोलीभाषाही हे शब्द आपल्या व्याकरणात सामावून घेतात. प्रमाण मराठीतील 'मला फोन लाव' हे वाक्य वऱ्हाडीत 'मले फोन लावजो' असे होते.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ

टपालव्यवस्थेचा परिणाम स्थळनामांवरही झाला. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील सेगाव येथे राहावयास गेले. त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जात असल्याने घोटाळा होई. १९४० मध्ये सेगावचे नाव सेवाग्राम करण्यात आले. व्हाइसरॉयशी थेट संपर्कासाठी बसवलेले म्हणून ओळखले जाणारे दूरध्वनी यंत्र सेवाग्राम आश्रमात जतन केलेले आहे.

आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर–अमरावती महामार्गावरील गाव अशाच नामसाम्याचे उदाहरण आहे. तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे (पुणे जिल्हा), तळेगाव दिघे (अहिल्यानगर जिल्हा), तळेगाव दशासर (अमरावती जिल्हा) अशी अनेक तळेगावे महाराष्ट्रात असल्याने पत्त्यात केवळ 'तळेगाव' लिहिणे पुरेसे ठरत नाही. मूळ नावापुढे जोडलेल्या उपपदामुळे गावाची ओळख निश्चित होते.

अशा संदिग्धतेवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन पद्धती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. वर्धा जिल्ह्यातील पिन क्रमांक ४४२ या अंकांनी सुरू होतात. 'पिन' ही 'पोस्टल इंडेक्स नंबर' या शब्दांची आद्याक्षरे आहेत, तथापि मराठीत ते एक स्वतंत्र नाम बनले आहे. म्हणूनच 'पिन नंबर' या प्रयोगातील द्विरुक्ती बोलणाऱ्यांस जाणवत नाही.

वापरविषयक मतभेद

इंग्रजी शब्द स्वीकारावेत की प्रतिशब्द रुजवावेत, याविषयी मतभेद आहेत. प्रतिशब्दांच्या पुरस्कर्त्यांच्या मते मराठी घटकांपासून बनलेला शब्द आपला अर्थ स्वतःच सांगतो आणि त्यातून पुढचे शब्द घडवता येतात. 'संकेतस्थळ' आणि 'समाजमाध्यमे' यांना मिळालेली मान्यता हा त्याचा दाखला दिला जातो. दुसऱ्या बाजूने असे मांडले जाते की संस्कृतप्रचुर प्रतिशब्द सामान्य नागरिकाला इंग्रजी शब्दाइतकाच, कधी त्याहून अधिक अपरिचित वाटतो. अर्जावरील 'भ्रमणध्वनी क्रमांक' या रकान्यात काय भरावयाचे हे समजले नाही, तर मराठीतून कारभार करण्याचा हेतूच साधत नाही. पीकविमा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती यांसारख्या योजनांच्या सूचना मोबाइलवरील संदेशाने येऊ लागल्यापासून या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले आहे. अनेक छापील नमुन्यांत 'भ्रमणध्वनी (मोबाइल) क्रमांक' असे दोन्ही शब्द देऊन यातून मार्ग काढलेला दिसतो.

हे सुद्धा पहा

* भाषाशुद्धी
* भाषा संचालनालय, महाराष्ट्र
* मोल्सवर्थ शब्दकोश
* वऱ्हाडी बोली
* पिन कोड
* सेवाग्राम