सुताची पेठ, कापसाची पेठ



खामगावचे नाव काढले की कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, रुईच्या गाठी आणि त्या वाहून नेणारी आगगाडी, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. पण या पेठेचा जुना वृत्तांत पाहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. 1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने मांडली, तेव्हा त्यांचा व्यापार होता तुपाचा, सुताचा आणि थोड्याशा कापसाचा. कापूस थोडासा आणि सूत मात्र पेठेचा एक मुख्य माल! पुढे पन्नास वर्षांत हा क्रम असा फिरला की, खामगावात कधीकाळी सूत विकले जात होते हेच लोक विसरून गेले. ही उलथापालथ कशी झाली आणि तिच्यात आपल्या खेड्यांचे काय गेले, ते आज थोडक्यात पाहू.

आधी सूत म्हणजे काय ते पाहू. कापसाचा एक तंतू चिमटीत धरून ओढा, तो लगेच तुटतो. असे बरेच तंतू एकत्र करून त्यांना पीळ द्या, म्हणजे त्याच कापसाचा असा धागा होतो की तो तोडताना बोट कापावे. वस्त्रविद्येचे सारे मर्म या पिळात आहे. आपल्या भाषेने तर ते म्हणीतच बांधून ठेवले आहे, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. सुंभ म्हणजे झाडाच्या तंतूंचा जाडाभरडा दोर. तो हाताने वळून पाहिलेल्या आणि त्याची राख पाहिलेल्या माणसालाच ही म्हण सुचली असणार.

आपल्या वऱ्हाडात असे तंतू मुख्यतः तीन ठिकाणांहून येत. पहिला पऱ्हाटीचा कापूस, दुसरा अंबाडीचा आणि तागाचा वाख, आणि तिसरी मेंढीची लोकर.

अंबाडीचे पीक शेतकरी सहसा धुऱ्याच्या कडेने घेई. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची आणि पीक तयार झाले की तिच्या पेंढ्या बांधून नदीच्या डोहात कुजत घालायच्या. पुरेशा कुजल्या की साल सुटते, ती धुऊन वाळवली की वाख हाती येतो. या वाखाचा दोर, कासरा, दावे, वेसण असा सगळा साज पोळ्याच्या आधी तयार व्हायचा. दोर वळण्याचे हे काम बहुतांशी मातंग समाजाकडे होते. ज्याच्या दोरावाचून गावातली मोट चालत नव्हती, त्याला त्याच गावाने वेशीबाहेर ठेवले होते. हस्तकलेचे गोडवे गाताना हेही आपण विसरता कामा नये.

लोकर धनगरांची. मेंढ्या कातरायच्या, लोकर पिंजायची, तिचे सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्यांची खळ द्यायची आणि मागावर घोंगडी विणायची. ऊन, पाऊस आणि थंडी या तिघांनाही पुरून उरणारे असे दुसरे वस्त्र कोणते असेल?

आता कापसाकडे वळू. आपल्या भूमीशी त्याचे नाते फार जुने आहे. नेवासे येथील उत्खननात ताम्रपाषाण युगातले तांब्याचे मणी मिळाले आणि ते ज्या दोऱ्यात ओवले होते, त्यात रेशमाबरोबर कापसाचाही अंश आढळला. म्हणजे ही गोष्ट तीन हजार वर्षांपलीकडची झाली. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारीच अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे सुमारे 1500 वर्षांपूर्वीच्या चित्रांत रुळाखाली कापूस दाबून सरकी वेगळी काढण्याची रीत दिसते. पुढे एका रुळाचे दोन रूळ झाले आणि हाताने फिरवायची चरखी आली. मौज अशी की, आज आपल्या जिनिंगमध्ये चालणारे यंत्रही रुळांच्याच तत्त्वावर चालते. दातेरी चक्राचे अमेरिकन यंत्र 1793 सालचे. पण आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला ते मानवले नाही; ते धागा तोडून टाकी.

सरकी निघाली की पिंजारी येई. धनुकलीच्या तातीवर मोगरा आपटून तो रुई मोकळी करी. तिचे पेळू वळले जात. ते घेऊन घरोघरच्या बाया रहाटावर बसत आणि सूत काढीत. मग कोष्टी, साळी, मोमीन हे विणकर त्याला खळ देऊन, ताणा लावून, धोट्याने बाणा घालून कापड विणीत. रंगारी ते रंगवी. कुणबी बाईच्या लाल लुगड्याचा तो पक्का रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांतून निघे आणि हे आलीचे पीकही वऱ्हाडातच होई. बोंडापासून लुगड्यापर्यंतचा हा प्रवास पंचक्रोशीच्या आतच पुरा होत असे आणि वाटेत प्रत्येक हाताला थोडे तरी काम मिळत असे.

यातले सर्वांत वेळखाऊ काम कोणते? तुम्ही म्हणाल, विणण्याचे. पण एक साधा हिशोब मांडून पाहू. नऊवारी लुगडे घ्या. त्याचा पन्हा 45 इंच आणि इंचाला 40 धागे उभे व 40 आडवे धरू. उभ्या ताण्याला 1,800 धागे, प्रत्येकी 9 वार, म्हणजे 16,200 वार सूत. आडव्या बाण्यालाही तेवढेच. एकूण 32,400 वार. चांगली सूतकताई करणारी बाई तासाला 300 वार सूत काढते असे धरले, तर एका लुगड्याच्या सुताला 108 तास लागतात. घरकाम, शेतकाम सांभाळून रोज चार तास रहाट चालवला, तर हे 27 दिवसांचे काम झाले. विणकर तेच लुगडे काही दिवसांत विणून मोकळा होई. म्हणूनच एका मागाच्या पाठीशी अनेक रहाट लागत. खामगावच्या पेठेत जे सूत येत होते, ते या रहाटांचे.

आणि म्हणूनच यंत्राचा पहिला घाव विणकराच्या आधी सूत कातणाऱ्या बाईवर पडला.

तो कसा पडला, ते क्रमाने पाहू. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. 1825-26 साली पेस्तनजी आणि विकाजी या पारशी व्यापाऱ्यांनी 500 बैलांवर लादून तो मुंबईकडे नेला आणि समुद्रापलीकडची वाट मोकळी झाली. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 पर्यंत आगगाडी नागपूरला पोचली आणि 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. आठ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरूनच त्या कापसाची किंमत कळावी.

ही आगगाडी केवळ कापूस न्यायला आली होती काय? त्या काळी रिव्हेट-कार्नॅक नावाचे कापूस-कमिशनर मध्यप्रांत आणि वऱ्हाडात काम पाहत. त्यांनी आपल्या अहवालात मनातली गोष्ट उघड लिहून ठेवली आहे. तिचा सारांश असा: कापसाच्या मुलुखात रेल्वेचा फाटा आला, की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, मग येथे सुतासाठी खपणारा कापूस निर्यातीला मिळेल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. म्हणजे गाडी जाताना कापूस नेणार होती आणि येताना कापड आणणार होती. त्याआधी 1866 साली फोर्ब्ज वॉटसन यांनी हिंदी कापडाचे 700 नमुने कापून 18 खंडांत चिकटवले होते. त्या खंडांचे 20 संच झाले. 13 विलायतेत ठेवले, 7 हिंदुस्थानात पाठवले. आपले धोतर, आपले लुगडे कसे विणतात, हे तिकडच्या गिरणीवाल्याला घरबसल्या कळावे, हा त्यामागचा मुख्य हेतू.

पुढे काय झाले ते सांगताना मात्र अतिशयोक्ती करू नये. सारे माग एका दिवसात बंद पडले, असे घडले नाही. रहाट बंद पडला, पण विणकर गिरणीचे सूत विकत घेऊन बरीच वर्षे तग धरून राहिला. 1877 साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि देशी गिरणीचेही सूत मिळू लागले. पिंजारी उरला तो गाद्या-रजयांपुरता. आलीचा रंग गेला, कारण 1868 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून तसाच लाल रंग बनवण्याची युक्ती शोधली होती. आणि रहाटावरच्या बाईचे काय झाले? तिची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? विधवा असो, म्हातारी असो, घरात बसून चार पैसे मिळवण्याचा तिचा आधार सुटला आणि ती दुसऱ्याच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला गेली. अहवालात लिहिले होते, तसेच.

फरक कापसातही पडला. वऱ्हाडची जुनी बनी जात तलम, लांब धाग्याची, रहाटाला सोयीची. पण जरी नावाच्या भरड जातीत रुईचा उतारा अधिक. व्यापारी भाव वजनावर देणार, मग शेतकरी बनी कशाला पेरील? बनी मागे पडली. पुढे 1970 साली संकरित वाण आले, 2002 नंतर बीटी आले. आज पऱ्हाटीचे बी दर साल दुकानातून येते, कापूस बाजारात जातो आणि कापड पुन्हा दुकानातून येते.

हा तुटलेला धागा सांधण्याचा यत्नही झाला. 1920 च्या नागपूर काँग्रेसनंतर गांधीजींचा चरखा गावोगाव पोचला. असहकाराच्या त्या दिवसांत खामगावात टिळक राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले. 1925 साली चरखा संघ निघाला. अधिक सूत देणाऱ्या चरख्यासाठी संघाने 1929 मध्ये एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, पण ते कोणालाही मिळाले नाही. आपण केलेला 108 तासांचा हिशोब आठवा, म्हणजे ते कोडे किती अवघड होते हे ध्यानात येईल. 1938 साली वर्ध्याला मगन संग्रहालय झाले. ग्रामोद्योगाची साधने तेथे पाहायला मिळतात. खादीने स्वराज्याच्या लढ्याला बळ दिले, पण घरोघरचा रहाट पुन्हा फिरता झाला नाही, हे मान्य केले पाहिजे.

मग हे सारे आज कशासाठी सांगायचे? माझ्या वर्गात कापूस पिकवणाऱ्या घरांतली मुले असतात. एकदा मी पेळू म्हणजे काय ते विचारले. वर्ग गप्प. धोटा विचारला, तरी गप्प. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आमची आजी अंबाडीचा दोर वळते, पण तिला कोणी विचारत नाही.” मला वाटते, त्याने इतिहासाच्या प्राध्यापकाला त्याचे काम सांगितले.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून एक विनंती आहे. येत्या हंगामात वर्गात एक बोंड आणा. मुलांना सरकी हाताने काढू द्या. एक किलो रुईला सुमारे तीन किलो कापूस का लागतो, ते त्यांना आपोआप कळेल. थोडी रुई बोटांनी ओढून मांडीवर पीळ द्यायला सांगा. पहिला धागा तुटेल, दुसरा तुटेल, पाचवा टिकेल. मग त्यांना घरी पाठवा, आजीला, आजोबांना, धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारायला. दोर कसा वळायचा, वाख किती दिवस कुजवायचा, घोंगडीला खळ कशी द्यायची, प्रत्येक अवजाराला काय म्हणायचे, हे सारे वहीत उतरवून घ्या. सांगणाऱ्याचे नाव आणि गावही लिहा. व्हाइसरॉयच्या आगगाडीची नोंद सरकारने ठेवली. रहाटावरच्या बाईची नोंद ठेवायचे काम आपल्यावर सोडले आहे, आणि ती सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.